तालुकाध्यक्ष नेमू नका, निवडा

पक्षांतर्गत निवडणुकांचा विषय निघाला की महाराष्ट्रातल्या सगळ्या पक्षांचे नेते एका सुरात बोलू लागतात. एरवी एकमेकांवर तुटून पडणारी ही मंडळी या एका प्रश्नावर मात्र एकमेकांची री ओढतात. त्यांचे म्हणणे चार मुद्द्यांत सांगता येते. पहिला मुद्दा असा की पक्ष ही आमची खासगी संघटना आहे, तिथे अध्यक्ष कसा ठरवायचा ते आमचे आम्ही बघू. दुसरा, तालुक्या-तालुक्यात निवडणुका लावल्या की गटबाजी माजते आणि पक्ष फुटतो. तिसरा, सभासदांच्या मतांवर पदे दिली तर पैसेवाला ती विकत घेतो. आणि चौथा, मतदाराला याच्याशी काही देणेघेणे नसते. त्याला रस्ता, पाणी आणि कामाचा माणूस हवा असतो.

हे मुद्दे इतक्या वेळा आणि इतक्या ठामपणे सांगितले गेले आहेत की आयुष्यभर सतरंज्या उचललेल्या कार्यकर्त्यांनाही ते पटू लागले आहेत. म्हणूनच त्यांचा एकेक करून समाचार घ्यायला हवा. मी इथे राष्ट्रीय अध्यक्षांबद्दल बोलत नाही. त्यांच्याबद्दल वर्तमानपत्रांत पुष्कळ लिहून येते. माझा प्रश्न तालुका समितीचा, शहर समितीचा आणि प्रभागाच्या शाखेचा आहे. पक्षाची गाठ सामान्य माणसाशी तिथेच पडते आणि लोकशाहीचा सर्वांत मोठा दुष्काळही तिथेच आहे.

आधी तालुक्याचा अध्यक्ष कसा ठरतो ते जवळून पाहू. मुंबईहून किंवा जिल्ह्याच्या ठिकाणाहून एक निरीक्षक येतो. शासकीय विश्रामगृहात नाहीतर एखाद्या मंगल कार्यालयात बैठक लागते. वेळ अकराची दिलेली असते, निरीक्षक दीड वाजता पोचतो. हार, शाल, श्रीफळ, प्रास्ताविक होते. मग इच्छुकांनी नावे द्यावीत असे सांगितले जाते आणि सात-आठ चिठ्ठ्या जमा होतात. निरीक्षक एकेकाला आतल्या खोलीत बोलावतो, तुमच्या मनात कोण आहे असे विचारतो आणि वहीत काहीतरी टिपून घेतो. ती वही पुन्हा कुणाच्या नजरेस पडत नाही. शेवटी एक ज्येष्ठ कार्यकर्ता उठून एका ओळीचा ठराव मांडतो की अध्यक्ष निवडीचे सर्वाधिकार पक्षश्रेष्ठींना देण्यात येत आहेत. दुसरा अनुमोदन देतो, टाळ्या पडतात, ठराव एकमताने मंजूर होतो. काही दिवसांनी लेटरहेडवर नियुक्तीपत्र येते. त्यावरचे नाव त्या सात-आठ चिठ्ठ्यांमध्ये असेलच असे नाही.

या सगळ्या प्रकारात सभासदांची यादी कुणी वाचली नाही, तिच्यावर हरकत कुणी घेतली नाही, मत कुणी टाकले नाही आणि मोजले तर नाहीच. नव्या अध्यक्षाबरोबर मग जंबो कार्यकारिणी जाहीर होते. उपाध्यक्ष, सरचिटणीस, चिटणीस, संघटक, प्रवक्ते, प्रसिद्धिप्रमुख, शिवाय महिला आघाडी, युवक आघाडी, किसान सेल. प्रत्येक गटाच्या पदरात एकेक पद पडते आणि फ्लेक्सवर सगळ्यांचे फोटो झळकतात. ही समिती भेटते ती मंत्र्याचा दौरा असेल किंवा जयंती-पुण्यतिथी असेल तेव्हा. तालुक्यातल्या पाणीटंचाईवर, पीकविम्यावर, रखडलेल्या बसस्थानकावर तिने चर्चा करून ठराव केला आणि तो वर पाठवून उत्तर मिळवले, असे उदाहरण शोधावे लागते. कारण या समितीला कुणाला जाब विचारायचा अधिकारच नाही. जो नेमतो तो कधीही काढू शकतो, आणि काढला जाऊ शकणारा माणूस प्रश्न विचारत नाही.

याचा पुरावा दर पक्षांतराच्या वेळी मिळतो. आमदाराने पक्ष बदलला की रातोरात तालुका समितीही बदलते. कार्यालयावरची पाटी उतरते, दुसरी चढते, आत खुर्च्यांवर बसणारी माणसे तीच राहतात. ती समिती पक्षाची कधी नव्हतीच. ती आमदाराची होती, आणि आमदार गेला तशी तीही गेली.

आता पहिला मुद्दा घेऊ, पक्ष खासगी असल्याचा.

खासगी संस्थेला कायदा निवडणूक चिन्ह राखून देत नाही. पक्षाला देतो. पक्षाच्या उत्पन्नाला प्राप्तिकरातून सूट आहे. मान्यताप्राप्त पक्षांना आकाशवाणी आणि दूरदर्शनवर प्रचारासाठी मोफत वेळ मिळतो आणि मतदारयाद्या मोफत मिळतात. अनेक पक्षांची कार्यालये सरकारी जागांवर उभी आहेत. केंद्रीय माहिती आयोगाने जून २०१३ मध्ये सहा राष्ट्रीय पक्षांना माहिती अधिकार कायद्याखाली सार्वजनिक प्राधिकरण ठरवले ते अशाच सवलतींच्या आधारावर. त्या आदेशाची अंमलबजावणी एकाही पक्षाने केली नाही हा भाग वेगळा.

सवलतींपेक्षा अधिकारांचा विचार केला तर हा दावा आणखीच कोलमडतो. १९८५ च्या बावन्नाव्या घटनादुरुस्तीने आमदार-खासदारांना पक्षाच्या व्हीपने बांधले. महाराष्ट्रात तर १९८६ च्या स्थानिक प्राधिकरण सदस्य अनर्हता कायद्याने हेच बंधन नगरसेवक, जिल्हा परिषद सदस्य आणि पंचायत समिती सदस्य यांच्यावरही आणले. विभागीय आयुक्तांकडे किंवा जिल्हाधिकाऱ्यांकडे गटाची नोंदणी होते आणि व्हीपच्या विरोधात मतदान करणाऱ्याचे सदस्यत्व जाऊ शकते. म्हणजे माझ्या प्रभागाने मते देऊन निवडलेल्या नगरसेवकाने महापालिकेत हात वर करायचा की नाही हे पक्ष ठरवतो, आणि त्याने ऐकले नाही तर राज्याचा कायदा त्याला घरी बसवतो. ज्याच्या शब्दामागे कायद्याचे एवढे बळ उभे आहे त्याने आपला आतला कारभार ही घरगुती बाब आहे असे म्हणणे कुणीही मान्य करू नये.

शिवाय ही बाब घरगुती नाही हे पक्षांनी स्वतःच लिहून दिलेले आहे. लोकप्रतिनिधित्व कायद्यात १९८९ पासून २९-अ हे कलम आहे. नोंदणी हवी असेल तर राज्यघटनेशी आणि लोकशाहीच्या तत्त्वांशी निष्ठा राखू असे पक्षाला आपल्या घटनेत लिहावे लागते. निवडणूक आयोगाच्या नोंदणीच्या नियमांनुसार पदाधिकाऱ्यांच्या ठरावीक मुदतीने निवडणुका घेण्याची तरतूद पक्षाच्या घटनेत असावी लागते आणि दोन निवडणुकांत पाच वर्षांहून अधिक अंतर चालत नाही. बहुतेक पक्षांच्या घटना वाचून पाहा. गावपातळीपासून वरपर्यंत निवडणुकांची शिडी त्यात नीट रचलेली सापडते. तरतूद कागदावर आहे, अंमल विश्रामगृहात होतो.

आयोग हे का चालू देतो, असे कुणी विचारेल. सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये काँग्रेस विरुद्ध इन्स्टिट्यूट ऑफ सोशल वेल्फेअर या खटल्यात सांगितले की फसवणुकीने नोंदणी मिळवल्यासारखे मोजके अपवाद सोडले तर एकदा केलेली नोंदणी रद्द करण्याचा अधिकार आयोगाला कायद्याने दिलेला नाही. पक्ष आयोगाला अहवाल पाठवतात, त्यात बिनविरोध हा शब्द जागोजागी असतो, आणि तिथे विषय संपतो. विधी आयोगाने १९९९ च्या १७० व्या आणि २०१५ च्या २५५ व्या अहवालात पक्षांतर्गत लोकशाही कायद्याने बंधनकारक करावी अशी शिफारस केली. ज्यांच्याविरुद्ध कायदा करायचा त्यांच्याच हातात कायदा करणे असल्यामुळे दोन्ही अहवाल पडून आहेत.

दुसरा मुद्दा गटबाजीचा. नेत्यांचा हा सर्वांत लाडका मुद्दा आहे आणि सर्वांत पोकळही.

निवडणूक नसल्यामुळे गटबाजी टळली आहे असा एक तालुका कुणी दाखवावा. प्रत्येक तालुक्यात आमदाराचा गट, माजी आमदाराचा गट, कारखान्याच्या अध्यक्षाचा गट आणि या तिघांवर नाराज असलेल्यांचा गट असतोच. मतदान झाले असते तर या गटांची ताकद मोजली गेली असती, हरलेल्याला हार मान्य करावी लागली असती आणि पुढच्या निवडणुकीची वाट पाहत तो पक्षातच थांबला असता. नेमणुकीत हरलेला हरतच नाही. त्याला डावलले जाते. हरलेला माणूस तयारीला लागतो, डावललेला माणूस बंडखोरी करतो. उमेदवारी अर्ज मागे घ्यायच्या दिवशी नेत्यांना बंडखोरांच्या घरी जाऊन मनधरणी करावी लागते ती पक्षात लोकशाही जास्त झाली म्हणून नव्हे, ती नाही म्हणून.

इतिहासही नेत्यांच्या बाजूने नाही. १९२० च्या नागपूर अधिवेशनात काँग्रेसने नवी घटना स्वीकारली, चार आणे वर्गणी भरणाऱ्या कुणालाही सभासद केले आणि भाषावार प्रांतिक समित्या उभारल्या. त्या घटनेमुळे महाराष्ट्रात काय घडले ते आपण विसरलो आहोत. केशवराव जेधे आणि त्यांच्यासारखे ब्राह्मणेतर चळवळीतले नेते काँग्रेसमध्ये आले, त्यांच्यामागे शेतकरी समाज सभासद झाला आणि मोजक्या शहरी मंडळींच्या हातातला पक्ष १९३० च्या दशकात खेड्यांत पोचला. डिसेंबर १९३६ मध्ये काँग्रेसचे अधिवेशन पहिल्यांदा एका खेड्यात भरले, ते खानदेशातल्या फैजपूरला. बहुजन समाजाला काँग्रेसमध्ये शिरता आले ते सभासदत्वाचे आणि मताचे दार उघडे असल्यामुळे. नियुक्तीपत्राची पद्धत तेव्हा असती तर हे दार किती उघडले असते याचा विचार आज त्याच समाजातून आलेल्या नेत्यांनी करावा.

त्या काळी लढती खऱ्या होत. १९३९ मध्ये सुभाषबाबू गांधीजींच्या पसंतीच्या पट्टाभी सीतारामय्यांना हरवून अध्यक्ष झाले. १९५० मध्ये पुरुषोत्तमदास टंडन, आचार्य कृपलानी आणि महाराष्ट्राचे शंकरराव देव अशी तिरंगी लढत झाली. पुढे हा प्रघातच मोडला. १९७२ नंतर काँग्रेसमध्ये संघटनात्मक निवडणुका व्हायला १९९२ साल उजाडले. तिरुपतीच्या त्या अधिवेशनात कार्यकारिणीची निवडणूक झाली, पण महिला आणि अनुसूचित जाती-जमातींचे कुणी निवडून आले नाही असे कारण देऊन निवडून आलेल्यांचे राजीनामे घेण्यात आले. कारण रास्त होते, उपाय चुकीचा होता. जागा राखीव ठेवून निवडणूक घेता येते हे आपल्या ग्रामपंचायती रोज सिद्ध करतात. २०२२ मध्ये खर्गे आणि थरूर यांच्यात अध्यक्षपदासाठी मतदान झाले याचे कौतुक झाले, ते योग्यच होते. पण काही महिन्यांतच रायपूरच्या अधिवेशनात कार्यकारिणीची निवडणूक न घेता सगळे सदस्य नेमण्याचा अधिकार अध्यक्षांना देण्यात आला. तोच तालुक्यातला एका ओळीचा ठराव.

भारतीय जनता पक्षाची गोष्ट वेगळी नाही. तिथे सभासद नोंदणी जोरात होते, वेळापत्रक जाहीर होते, निवडणूक अधिकारी नेमले जातात. मग सहमतीच्या नावाखाली एकच अर्ज उरतो. १९८० मध्ये स्थापना झाल्यापासून या पक्षाच्या राष्ट्रीय अध्यक्षपदासाठी मतदानाची वेळ आलेली नाही. जगातला सर्वांत मोठा पक्ष म्हणवून घेणाऱ्या संघटनेत एवढ्या वर्षांत एकदाही दोन माणसांना अध्यक्ष व्हावेसे वाटले नसेल हे पटण्यासारखे नाही. सहमती मतदानानंतर झाली तर ती सहमती. मतदान होऊच नये म्हणून ती घडवली तर तो दबाव.

आणि पक्ष फुटण्याचे काय? महाराष्ट्रात अलीकडे दोन पक्ष उभे फुटले, शिवसेना आणि राष्ट्रवादी काँग्रेस. या दोन्ही पक्षांत तालुका आणि जिल्हा पातळीवरची पदे गुप्त मतदानाने भरली जात होती असे त्यांचे समर्थकही म्हणणार नाहीत. मग निवडणुकांनी पक्ष फुटतात हा सिद्धांत कुठून आला?

या फुटीतून कार्यकर्त्याने शिकण्यासारखी याहून मोठी गोष्ट आहे. १९६९ मध्ये काँग्रेस फुटली तेव्हा खरी काँग्रेस कोणती हे ठरवताना निवडणूक आयोगाने लोकप्रतिनिधींचे बळ आणि संघटनेतले बळ अशा दोन्ही बाजू तपासल्या, आणि सादिक अली खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७१ मध्ये ती कसोटी मान्य केली. संघटनेतले बळ मोजता आले कारण मोजण्याजोगे प्रतिनिधी होते. १७ फेब्रुवारी २०२३ रोजी शिवसेनेच्या वादात आयोगाने निकाल दिला तेव्हा ही दुसरी बाजू मोजायलाच नकार दिला. पक्षाची २०१८ ची घटना आयोगाच्या दप्तरी दाखल नव्हती आणि ती लोकशाहीला धरून नव्हती, निवडणूक न घेता मर्जीतली माणसे पदाधिकारी म्हणून नेमली गेली होती, अशा संघटनेच्या बहुमताला अर्थ नाही, असे आयोगाचे म्हणणे पडले. उरले फक्त आमदार आणि खासदार. ५५ पैकी ४० आमदार आणि १८ पैकी १३ खासदार ज्यांच्याकडे, त्यांना नाव आणि धनुष्यबाण मिळाला. ६ फेब्रुवारी २०२४ रोजी राष्ट्रवादीच्या बाबतीतही आयोगाने संघटनेची कसोटी बाजूला ठेवली आणि निकाल लोकप्रतिनिधींच्या संख्येवर लागला.

हे निकाल बरोबर की चूक यावर न्यायालयात आणि बाहेर भरपूर वाद झाला. मला त्यात इथे पडायचे नाही. कार्यकर्त्याच्या जागी उभे राहून पाहा. शिवसेनेच्या वादात लाखोंच्या संख्येने प्रतिज्ञापत्रे आयोगाकडे गेली. ती कुणाची होती? शाखाप्रमुखांची, गटप्रमुखांची, ज्यांनी लाठ्या खाल्ल्या, रक्तदान शिबिरे घेतली, रात्री-अपरात्री रुग्णवाहिका मिळवून दिली अशा माणसांची. स्टॅम्पपेपरवर सही करून त्यांनी सांगितले की पक्ष आमचा आहे. निकालाच्या वेळी त्या सह्यांना किंमत उरली नाही. चाळीस आमदारांच्या शब्दापुढे लाखो कार्यकर्त्यांचा शब्द हलका ठरला, कारण त्या कार्यकर्त्यांच्या नेत्यांनीच त्यांना कधी मताचा अधिकार दिला नव्हता. ज्या संघटनेत मत नाही त्या संघटनेत बहुमत कुठून असणार? खाली निवडणुका घेतल्या असत्या तर आयोगाला संघटनेकडे पाठ फिरवणे अवघड गेले असते. हा धडा एका पक्षापुरता नाही. उद्या कोणताही पक्ष फुटला तरी त्याच्या तालुका समित्या अशाच बिनकामाच्या ठरतील.

तिसरा मुद्दा पैशाचा, आणि तो गंभीरपणे घ्यायला हवा, कारण त्याला अनुभवाचा आधार आहे. राहुल गांधींनी युवक काँग्रेसमध्ये अंतर्गत निवडणुका आणल्या, माजी मुख्य निवडणूक आयुक्त लिंगडोह यांच्यासारख्यांची त्यावर देखरेख होती. तरीही सभासदांची घाऊक नोंदणी करून पदे पटकावली जातात आणि नेत्यांची मुलेच निवडून येतात अशी टीका ठिकठिकाणी झाली. २०१४ च्या लोकसभेला काँग्रेसने काही मतदारसंघांत उमेदवार निवडण्यासाठी अंतर्गत मतदान घेतले. महाराष्ट्रात वर्धा आणि लातूर हे ते मतदारसंघ. दोन्ही जागा पक्ष हरला आणि प्रयोग गुंडाळला गेला. तेव्हापासून हे उदाहरण तोंडावर फेकले जाते.

पण त्या वर्षी काँग्रेस महाराष्ट्रात नांदेड आणि हिंगोली सोडून सगळीकडेच हरली. श्रेष्ठींनी दिलेले उमेदवार पडले म्हणून श्रेष्ठींचा अधिकार कुणी काढून घेतला नाही. मग मतदानाने ठरलेले दोन उमेदवार पडले म्हणून मतदानच का सोडून द्यायचे?

आणि आज पैसा चालत नाही असे म्हणण्याचे धाडस कोण करेल? नेमणुकीच्या पद्धतीत पैसेवाल्याला दोन-तीन माणसांना खूश करावे लागते. पाच हजार सभासदांना खूश करणे त्याहून कितीतरी अवघड असते, आणि गुप्त मतदानात पैसे घेऊनही माणूस आपल्या मनाचे करू शकतो हे महाराष्ट्रातल्या प्रत्येक उमेदवाराला ठाऊक आहे.

घाऊक नोंदणीवरचा उपायही आपल्या घरातच आहे. गावातल्या विविध कार्यकारी सेवा सोसायटीची निवडणूक पाहा. सभासद असतात चारशे-पाचशे. तिथे सहकारी निवडणूक प्राधिकरणाच्या देखरेखीखाली मतदारांची प्रारूप यादी लागते, मयत आणि दुबार नावांवर हरकती घेतल्या जातात, सुनावणी होते, अंतिम यादी प्रसिद्ध होते. निवडणूक निर्णय अधिकारी संस्थेबाहेरचा असतो. अर्ज, छाननी, माघार, चिन्हवाटप, गुप्त मतदान आणि उमेदवारांसमोर मोजणी. महिलांच्या, अनुसूचित जाती-जमातींच्या, इतर मागासवर्गीयांच्या राखीव जागा असतात. तिथेही पॅनेल असतात, चुरस असते, पैसेही वाटले जातात. तरीही सोसायटीचा चेअरमन मंत्र्याने पत्र पाठवून नेमावा असे कुणी म्हणत नाही. पीककर्ज वाटणाऱ्या संस्थेला जी पद्धत लागू पडते ती तालुक्याचा आमदार कोण व्हावा हे ठरवू पाहणाऱ्या पक्षाला का लागू पडू नये? जी मंडळी सोसायटी, बाजार समिती, जिल्हा बँक आणि साखर कारखान्याच्या निवडणुका लढवण्यात आयुष्य घालवतात, त्यांनी पक्षात निवडणूक घेणे अवघड आहे असे सांगू नये. त्यांना ती घेता येते. त्यांना ती नको आहे.

चौथा मुद्दा, मतदाराला याच्याशी देणेघेणे नसते. याहून मोठी दिशाभूल नाही.

जानेवारी २०२६ मध्ये राज्यातल्या २९ महापालिकांसाठी मतदान झाले. त्याआधी अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिवसांत एबी फॉर्मसाठी, म्हणजे पक्षाच्या अधिकृत उमेदवारीच्या कागदासाठी, जी धावपळ झाली ती सगळ्यांनी पाहिली. वर्षानुवर्षे प्रभागात काम केलेला माणूस पक्ष कार्यालयाबाहेर ताटकळत असतो आणि आदल्या रात्री पक्षात आलेल्याच्या हातात एबी फॉर्म पडतो. मतदार मतदान केंद्रावर जातो तेव्हा त्याच्यापुढे जी चार-पाच नावे असतात ती त्याने निवडलेली नसतात, त्याच्या प्रभागातल्या पक्षाच्या सभासदांनीही निवडलेली नसतात. निवड आधीच झालेली असते, एका बंद खोलीत. मतदाराचा अधिकार उरतो तो त्या खोलीतून बाहेर आलेल्या नावांपैकी एकावर बोट ठेवण्याचा. रस्ता आणि पाणी हवे असेल तर ज्याला वरच्या साहेबांपेक्षा खालच्या लोकांची भीती वाटते असा नगरसेवक हवा. तिकीट साहेब देणार असतील तर नगरसेवक साहेबांकडेच बघेल, यात त्याचाही दोष नाही.

महिलांचे उदाहरण घ्या. महाराष्ट्राने २०११ मध्ये स्थानिक स्वराज्य संस्थांत महिलांना ५० टक्के जागा दिल्या. पक्षांच्या तालुका आणि शहर समित्यांत मात्र बाईची जागा महिला आघाडीत. मूळ समितीत अध्यक्ष, सरचिटणीस, खजिनदार म्हणून किती स्त्रिया आहेत ते आपापल्या तालुक्यात मोजून पाहावे. आरक्षण पडले की नेत्याची पत्नी, सून, भावजय उमेदवार होते याला अनेकदा महिलांनाच दोष दिला जातो. दोष त्या पक्षसमितीचा आहे, जिने पाच वर्षांत एकाही कार्यकर्तीला मत मागून उभे राहण्याची संधी दिली नाही.

मुंबई महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली. त्यानंतर जवळपास चार वर्षे देशातली सर्वांत श्रीमंत महापालिका प्रशासकाच्या हातात राहिली. राज्यातल्या इतर शहरांचीही तीच गत झाली. शेवटी मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला निवडणुका घ्या असे सांगावे लागले. निवडून आलेले नगरसेवक नसताना शहराच्या वतीने बोलायचे कुणी? ते काम पक्षांच्या शहर समित्यांचे होते, सत्तेतल्या आणि विरोधातल्याही. सभासदांच्या मतांवर उभी असलेली समिती आपल्याच सरकारला निवडणुका कधी घेता असे ठणकावून विचारू शकते. नेमलेली समिती नेमणाऱ्याला काय विचारणार?

कुणी म्हणेल, नवे पक्ष काढले की हे बदलेल. आम आदमी पक्षाने तेच आश्वासन दिले होते. पक्षाच्या आत लोकपाल नेमला, आणि तो मान अलिबागजवळ राहणाऱ्या अॅडमिरल रामदास यांच्यासारख्या निःस्पृह माणसाला दिला. मार्च २०१५ मध्ये मतभेद उफाळले तेव्हा योगेंद्र यादव आणि प्रशांत भूषण यांना पदांवरून काढले गेले आणि लोकपालालाही बदलले गेले. कम्युनिस्ट पक्षांत शाखेपासून वरपर्यंत अधिवेशने नियमित भरतात, अहवाल मांडले जातात, त्यावर चर्चा होते; तिथेही समितीचे पॅनेल बहुतेकदा वरूनच ठरलेले असते, तरी निदान दर काही वर्षांनी सभासदांपुढे उभे राहावे लागते. केवळ चांगल्या हेतूंवर पक्षांतर्गत लोकशाही टिकत नाही, तिला कायद्याचा आधार लागतो. जर्मनीने नाझी राजवटीचा अनुभव घेतल्यावर राज्यघटनेच्या एकविसाव्या कलमातच लिहून टाकले की पक्षांची अंतर्गत रचना लोकशाही तत्त्वांना धरून असली पाहिजे. १९६७ मध्ये पक्षांसाठी स्वतंत्र कायदा केला. तिथे मतदारसंघातला उमेदवार सभासदांच्या किंवा त्यांनी निवडलेल्या प्रतिनिधींच्या सभेत गुप्त मतदानाने ठरवावा लागतो. त्यामुळे जर्मनीतले पक्ष मोडून पडलेले नाहीत.

दिल्लीत कायदा होईल तेव्हा होईल. महाराष्ट्राला तोवर थांबण्याचे कारण नाही. स्थानिक निवडणुकांसाठी आपला राज्य निवडणूक आयोग पक्षांची स्वतंत्र नोंदणी करतो. लेखापरीक्षित हिशेब आणि प्राप्तिकर विवरणपत्रे दिली नाहीत म्हणून २०१६ मध्ये या आयोगाने १९१ पक्षांची नोंदणी रद्द केली होती. हिशेब मागता येतात तर निवडणुकीचे कागदही मागता येतील. राज्य आयोगाने आपल्या आदेशात एवढेच घालावे: ज्या तालुक्यात किंवा शहरात पक्षाला चिन्हावर उमेदवार उभे करायचे आहेत तिथल्या समितीची निवडणूक मागच्या पाच वर्षांत झाल्याचा पुरावा द्या. सभासदांची यादी कार्यालयाबाहेर लावा आणि तिच्यावर हरकती घेऊ द्या. मतदानाच्या आधी किमान एक वर्ष सभासद असलेल्यालाच मत असावे, म्हणजे ऐनवेळची घाऊक नोंदणी बंद होईल. निवडणूक अधिकारी त्या तालुक्याबाहेरचा असावा, मतदान गुप्त असावे, निम्म्या जागा महिलांना आणि लोकसंख्येच्या प्रमाणात मागास समाजांना असाव्यात. आणि एबी फॉर्मवर त्या निवडून आलेल्या समितीच्या ठरावाचा क्रमांक असावा. यातली एकही मागणी सोसायटीच्या निवडणुकीपेक्षा अवघड नाही.

आयोगाने हे केले नाही तरी कार्यकर्त्यांच्या हातात एक गोष्ट कायम आहे. सर्वाधिकार श्रेष्ठींना देणारा एका ओळीचा ठराव तुमच्या टाळ्यांवर मंजूर होतो. पुढच्या वेळी निरीक्षक येईल आणि तो ठराव मांडला जाईल तेव्हा उठून उभे राहा, पक्षाच्या घटनेतले निवडणुकीचे कलम वाचून दाखवा आणि मतदान मागा. एकट्याने मागितले तर तुम्हाला गप्प बसवतील. वीस जणांनी मागितले तर इतिवृत्तात विरोध नोंदवावा लागेल. आणि तालुक्यातले दोनशे सभासद मतपेटी आणल्याशिवाय सभागृह सोडणार नाही असे म्हणाले, तर महाराष्ट्रातला कोणताही पक्ष त्यांना नाही म्हणू शकणार नाही.